ताईचा कॉम्प्युटर

आमच्या शाळेत पाणी प्यायचं तरी कुणाच्या तरी आठवणीतलं प्यावं लागतं. टाकीवर एका आजोबांचं नाव, घंटेवर माजी सरपंचांच्या वडिलांचं, पंख्याच्या पात्यांवर कुणाच्या आईचं. पंखा फिरला की नाव दिसत नाही आणि थांबला की दिसतं. आमच्याकडची लाईट बघता ते बहुतेक वेळ दिसतंच. माझं माहेर नांदेडचं. बदली होऊन जळकोट तालुक्यातल्या ह्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आले, तेव्हा पहिल्याच दिवशी पोरांना वाचनाचा तास म्हणून सगळी शाळा फिरवली. कपाटं, सतरंज्या, फळे, सगळं वाचून काढलं. आमची पहिलीची लेकरं 'कमळ'च्या आधी 'स्मरणार्थ' वाचायला शिकतात, हे मला तेव्हा कळलं.

कडेच्या खोलीला मात्र कुलूप. आत चार कॉम्प्युटर, चारही एकसारखे, प्रत्येकावर पांढऱ्या साडीची शिवलेली खोळ. खोळ उचलली की खाली निळ्या रंगात लिहिलेलं, 'कालकथित', म्हणजे दिवंगत, आणि पुढं एका मुलीचं नाव.

ते नाव मी इथं लिहीत नाही, आणि गावातही ते कुणी घेत नसे. गाव तिला ताई म्हणायचं. तिची आईसुद्धा ताईच म्हणायची. आई आमच्या उपकेंद्रात नर्स होत्या, अर्धं गाव त्यांच्या हातात जन्मलेलं. त्यामुळं रिटायर झाल्या तरी त्या नर्सबाईच. एकुलती एक लेक नांदेडला कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग शिकत होती. शेवटच्या वर्षाला होती, तापाचं निमित्त झालं आणि गेली. नर्सबाईंनी तिचा होस्टेलवरचा कॉम्प्युटर आणि त्याच जातीचे आणखी तीन शाळेला देऊन टाकले. देताना हेडमास्तरांना एवढंच म्हणाल्या, "सर, तिच्या कॉम्प्युटरात ताईचा आवाज हाय. तेवढा जपा."

आवाज होता तो असा. आई रिटायर झाल्यावर कॉम्प्युटर शिकेल म्हणून ताईनं धडे आपल्या आवाजात भरून ठेवले होते. तिचा फोन दवाखान्याच्या धावपळीत कुठं गेला तो गेलाच. म्हणजे लेकीचा आवाज जगात कुठं उरला असेल तर त्या एका डब्यात. आणि तो डबा चारातला कोणता, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं, कारण आमच्या हौशी पेंटरनं चारही सारखेच रंगवले होते आणि दर दसऱ्याच्या साफसफाईत ते इकडचे तिकडं झाले होते.

त्यात पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरले. झेरॉक्सच्या दुकानातला पेनड्राइव्ह म्हणजे आमच्या भागातला सार्वजनिक टॉवेल! एकामागून एक चारही बसले. बटण दाबलं की काळा पडदा आणि वर पांढरी ओळ, बस्स. अहमदपूरच्या रिपेअरवाल्यानं बघून सांगितलं, "फॉरमॅट मारावं लागंल. आतलं सगळं जाईल." हेडमास्तरांनी त्याला चहा पाजला, परत पाठवलं आणि कुलूप लावलं.

हे सगळं मला पुढं कळलं. मला आधी दिसलं ते एवढंच, की पुस्तकात कॉम्प्युटरचा धडा आहे, शाळेत कॉम्प्युटर आहेत, आणि लेकरं फळ्यावर खडूनं काढलेला माऊस बघून शिकतायत. माझं डोकं तसंही लवकर तापतं. आई म्हणायची, हिला जन्मतःच फोडणीत टाकली.

ताईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हणजे ती गेली त्या तारखेला, नर्सबाई दरवर्षी शाळेत खीर घेऊन येत. लेकरांना वाढून झालं की त्या खोलीत जात आणि म्हणत, "सर, जरा लावता का?" माझ्या पहिल्या वर्षी मी तिथंच उभी होते. हेडमास्तर म्हणाले, "लाईट न्हाई ओ नर्सबाई. आत्ताच गेली बगा." नर्सबाईंनी मान हलवली. एका खोळीवरून हात फिरवला, मग दुसरीवरून, चारही झाल्या. "ऱ्हाऊ द्या मग. पुढच्या वर्षी," म्हणाल्या आणि रिकामं पातेलं घेऊन गेल्या. आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, दहा मिनिटांपूर्वी सरांनी स्वतः मेन स्विच पाडला होता.

मी भडकलेच. "सर, काय करून राहिलात तुम्ही? म्हातारीला असं किती वर्षं फसवणार? मारा ना ते फॉरमॅट, लेकरं तरी शिकतील."

आमचे हेडमास्तर उदगीरकडचे, कपाळाला भस्म, तोलूनमापून बोलणारा माणूस. मला वाटलं ओरडतील. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. मग त्यांनी मला आवाजाची ती सगळी गोष्ट सांगितली आणि म्हणाले, "मॅडम, खोटं बोललो की पाप मला एकट्याला लागतं. आवाज पुसला तर त्या माउलीला परत कुठून आणून देणार? तुमी द्याल?"

मी हजेरीपट उचलून वर्गावर गेले. 

पुढं नांदेडला प्रशिक्षण लागलं. प्रशिक्षण म्हणजे काय ते मास्तरलोकांना सांगायला नको. सकाळी सही, मग डुलकी, मग जेवणात गोड काय आहे याची चौकशी. जेवणानंतर एका कॉलेजचे एक तरुण सर बोलायला उभे राहिले. विषय होता मुक्त सॉफ्टवेअर. कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो ती मूळ प्रणालीच फुकट मिळते, कितीही जणांना वाटा, उघडून बघा, बदला, कुणी अडवत नाही. शाळांनी हीच वापरावी. पुढच्या बाकावरचे एक गुरुजी जांभई आवरून म्हणाले, "फुकट हाय म्हणजे कायतरी खोट असणार." मलाही जोर आला. मी म्हटलं, "सर, आजकाल फुकटात कुणी काही देतं का?"

ते हसले. म्हणाले, "मॅडम, घरी दही लावता ना? विरजण विकत आणता का?"

सगळा हॉल हसला. खरंच की! विरजण संपलं तर आपण वाटी घेऊन शेजारी जातो. शेजारीण चमचाभर देते आणि तिचं दही काही कमी होत नाही. कुणी त्याची पावती फाडत नाही. सर म्हणाले, "हे तसंच. कुणीतरी पहिल्यांदा लावलं, मग घरोघर गेलं." मग त्यांनी एक पेनड्राइव्ह वर धरला. ही प्रणाली आधी नुसती ह्याच्यातूनच चालवून बघता येते, म्हणाले. कॉम्प्युटर बंद पडलेला असला तरी चालतो, आणि आतल्या कशालाही हात लागत नाही.

 मी उभी राहिले. "आतलं तसंच राहतं? आणि ते बघता येतं?"

"येतं की."

त्या दिवशी जेवणात गोड काय होतं ते मला आजही आठवत नाही. सरांनी मला तिथंच पेनड्राइव्ह तयार करून दिला, नंबर दिला, अडलं तर फोन करा म्हणाले. ना ओळख, ना पाळख. त्यांचे उपकार मी कुठं फेडू?

शाळेत आल्यावर हेडमास्तरांनी अपेक्षेप्रमाणं नन्नाचा पाढा लावला. वरून पत्र आलंय का, काही झालं तर कुणाची जिम्मेदारी. मी म्हटलं, माझी. ते म्हणाले, "तुमची न्हाई, माझी बी न्हाई. वस्तू त्यांची हाय, त्यांनाच विचारू." आणि खरंच चप्पल घालून निघाले.

नर्सबाईंच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्याखाली ताईचा फोटो, पदवीचा काळा झगा उसना घालून हसत काढलेला. हेडमास्तरांनी पाण्याचा ग्लास एका दमात रिकामा केला. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. कॉम्प्युटर कधीच बंद पडलेत आणि लाईट दरवर्षी आपणच घालवत होतो.

नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, "मला ठाव हाय सर. शाळेची लाईट गेली की दळणाची चक्की बी बंद होती. पण खिरीच्या दिवशी चक्की चालूच असायची."

मी हेडमास्तरांकडं बघितलं नाही. बघवलंच नाही.

"मग बोलला का न्हाईत?" सरांनी विचारलं.

"काय बोलू? तुमी भिऊन करून राहिलात, हे कळत हुतं. आणि बगा, बंद हाय तवर आत ती हाय असं तरी वाटतंय." मग माझ्याकडं वळल्या. "मॅडम, तुमी जे लावणार, त्यानं तिला काय हुणार न्हाई ना?"

मी म्हटलं, "नर्सबाई, हे पाहुण्यासारखं आहे. ओसरीवर बसतं, आपलं काम करतं, उठून जातं. घरातल्या कपाटाला हात लावत नाही." सांगितलं खरं, पण ऐकलेलं होतं, केलेलं कुठं होतं?

दुसऱ्या दिवशी शाळा भरल्यावर आम्ही खोली उघडली. खिडक्यांच्या गजांना लेकरं लोंबकळलेली. नर्सबाई स्टुलावर. मी पहिल्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं. काळा पडदा, पांढरी ओळ. परत दाबलं, तेच. हेडमास्तर मागून म्हणाले, "मी म्हणलं हुतं." मी म्हटलं, "सर, तुम्ही जरा बाहेर लेकरांकडं बघता का?" ते हलले नाहीत. नांदेडच्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, "सुरू होताना वरच्या ओळीतलं एक बटण दाबत राहायचं, थांबायचं नाही." कोणतं तेही सांगितलं. मी पिठलं हाटावं तसं ते दाबत राहिले. आणि पडदा उजळला. निळसर रंग, बाजूला चित्रं, सगळं स्वच्छ. खिडकीतून अशी आरोळी उठली की गावात कुणाची गाय व्याली असं वाटावं.

पण आत ताईचं काही नव्हतं. दुसऱ्यातही नव्हतं. नर्सबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळून घट्ट करत होत्या. तिसरा लावला. आतली डिस्क उघडली, आणि एका कप्प्यावर लिहिलेलं दिसलं, 'आईसाठी'.

कॉम्प्युटरला स्पीकर नव्हते. हेडमास्तर स्वतः पळत जाऊन परिपाठाचा साउंड बॉक्स घेऊन आले आणि वायर जोडली. गडबडीत एक गोष्ट आमच्या कुणाच्याच ध्यानात आली नाही. त्या बॉक्सला लिंबाच्या झाडावरचा कर्णा जोडलेलाच होता.

मी फाईल उघडली, आणि सगळ्या गावभर एक पोरगी बोलायला लागली.

"आई, धडा पहिला. माऊस असा हलका धर. अगं, बटण दाबायला एवढा जोर कामून? इंजेक्शन द्यायचं न्हाई तुला! हां... आसं. आणि चुकलं तर रडू नको बरं का. चुकल्यानं हे मरत न्हाई."

खिडकीतली लेकरं इंजेक्शनला खो खो हसली. नर्सबाईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. मला वाटलं आता ह्या कोसळतात, मी पुढं झाले. तर त्या हसत होत्या. डोळ्यांतून धारा आणि हसत होत्या. "अशीच बोलायची," म्हणाल्या. "अशीच. मला कायम बोलायची." मी पण रडले. लपवून काय करू? हेडमास्तर भिंतीकडं तोंड करून भस्म पुसत होते, डोळ्यांचं पाणी तिथवर कसं गेलं देव जाणे.

तोवर शाळेच्या फाटकात बाया जमा झालेल्या. कुणाचे हात पिठाचे, कुणाच्या कडेवर लेकरू. एका म्हातारीनं आत डोकावून विचारलं, "ताई आली का गं?"  

नर्सबाईच म्हणाल्या, "आली. या आत."

मग मी म्हटलं, हे आता आधी पेनड्राइव्हवर घेऊ, म्हणजे सुरक्षित. तर त्यांनी माझा हात धरला. "काढू नका मॅडम. तिथं घेतला तर इथला संपंल."

तेव्हा मला कळलं, एवढी वर्षं त्यांनी कुणाला हा आवाज काढून का मागितला नाही. त्यांना वाटत होतं, सिरिंजमध्ये औषध ओढलं की बाटली रिकामी होते, तसंच हे. मी नांदेडच्या सरांचं विरजण त्यांना जसंच्या तसं दिलं. चमचाभर घेतल्यानं शेजारणीचं दही कमी होतं का? मग करूनच दाखवलं. नक्कल घेतली, पेनड्राइव्हवरून लावली, मग परत आतून लावली. दोन्हीकडं ताई आईला तशीच रागावत होती.

नर्सबाईंनी साडीची खोळ उचलली आणि घडी घालून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "आता पुसा."

"काय?" हेडमास्तर दचकले.

"हे जुनं पुसा, नवं बसवा. लेकरांना शिकू द्या. ताईचे धडे चारीवर टाका, त्यांना बी रागवू दे."

नवी प्रणाली बसवताना शेवटी ती विचारते, ह्या कॉम्प्युटरचं नाव काय ठेवू. हेडमास्तर म्हणाले, शाळेचं टाका. मी स्टूल सरकवून नर्सबाईंना पुढं घेतलं. त्यांनी एका बोटानं, अगदी हलक्या हातानं, इंग्रजी तीन अक्षरं दाबली. ताई.

पेंटर परत आला तेव्हा हेडमास्तरांनी मला विचारलं, "मॅडम, ह्या नव्या प्रणालीच्या दात्याचं नाव काय लिहायचं?" मी म्हटलं, "सर, कुठकुठल्या देशातल्या अनोळखी माणसांनी मिळून केलंय ते. कुणाकुणाचं लिहिता?"  आमच्या शाळेतलं हे पहिलंच दान, ज्याच्यावर कुणाचं नाव नाही. मी त्या माणसांना कधी भेटणार नाही. पण संध्याकाळी दही लावताना त्यांची आठवण येते, हे मात्र खरं. आणि हेडमास्तरांचीही. त्या दिवशी त्यांनी माझं ऐकून फॉरमॅट मारलं असतं तर ताई तिथंच संपली असती. भित्रा माणूस म्हणून मी त्यांना लई हसले. त्या भित्रेपणाला आता माझा दंडवत आहे.

नर्सबाई तिथं थांबल्या असत्या तर त्या नर्सबाई कसल्या! पुढच्या रविवारी सकाळीच माझ्या दारात उभ्या. खांद्याला लसीचा निळा डबा, आत बर्फाऐवजी पेनड्राइव्ह. "चला, शेजारच्या गावात डोस देऊन येऊ." मला वाटलं चेष्टा करतायत. पण ह्या बाईचं आयुष्य दारोदार फिरून नाही म्हणणाऱ्यांना हो म्हणायला लावण्यात गेलेलं. जळकोट झालं, अहमदपूर तालुका झाला, एसटीच्या खिडकीशी त्यांचा डबा आणि शेजारी मी. ज्या हेडमास्तरांपुढं मी तावातावानं बोलून हरायचे, त्यांना त्या दोन वाक्यांत गुंडाळायच्या. कुणी म्हणालं, फुकटचं आहे, भरवसा काय? तर म्हणायच्या, "सर, मी जन्मभर फुकटच डोस दिले. तुमाला बी मीच दिला आसंल. काय वाईट झालं?" काम झालं की पोलिओच्या फेरीत करायच्या तशी शाळेच्या दारावर खडूनं खूण करायच्या.

आम्ही आमच्याच शाळेच्या कॉम्प्युटरची नक्कल सगळीकडं बसवत गेलो, त्यामुळं प्रत्येक ठिकाणी नाव तेच उमटायचं. नांदेडच्या सरांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. एकाच खोलीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांना एकच नाव देतात का, म्हणाले, घोटाळा होतो. नर्सबाईंना मी विचारलं, बदलू का? म्हणाल्या, "होऊ द्या घोटाळा."

परवा आम्ही माहूरकडं गेलो होतो. डोंगरातल्या एका वस्तीवर माझी मावसबहीण शिक्षिका आहे. तिच्याकडं मागच्या वर्षी डोस देऊन आलो होतो, आता नुसतं बघायला. शाळा सुटायची वेळ. नर्सबाई थकून पायरीवर बसल्या होत्या, डबा मांडीवर. आतून कुणीतरी ताईचा धडा लावला होता, आणि ते इंजेक्शनचं वाक्य आलं की सगळी लेकरं तिच्याबरोबर मोठ्यानं म्हणत होती. त्यांना ते पाठ झालेलं. ताई कोण, त्यांना माहीत नाही. त्यांच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजेच ताई. "मॅडम, माझी ताई चालंना," "तुझी ताई सरकव की तिकडं," असंच सगळं चाललेलं. मी नर्सबाईंकडं बघितलं. त्या कान देऊन ऐकत होत्या.

एवढ्यात दुसरीतली एक चिमुरडी दप्तर अडकवून बाहेर आली. म्हाताऱ्या पाहुणीला विचारावं असं तिला वाटलं असावं. म्हणाली, "आज्जी, शाळा सुटली. ताईला झोपवू का?"

नर्सबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

"झोपव माय," म्हणाल्या. "उद्या सकाळी आठवणीनं उठव."